घोडा आणि प्रेम: पहिली कादंबरी निवडताना

अगं, घोडा आणि प्रेम दोन्ही असलेली तुझी पहिली कादंबरी निवडताना मलपृष्ठावरचा मजकूर वाचून पुस्तक ठरवू नकोस. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं. तिथे कपाटाशी उभी राहूनच घोड्याचा एखादा प्रसंग वाच. कान मागे चिकटले की घोडा चिडलाय, पुढे टवकारले की लक्ष देतोय. एवढं निरखणारा लेखक माणसांचं प्रेमही घाईत उरकत नाही, असा माझा अनुभव आहे. नायिका खरारा करता करता, म्हणजे घोड्याचं अंग घासता घासता, त्याच्यापाशी मन मोकळं करते, ती पानं मला फार प्रिय. तिथे रेंगाळ. रिकीब, खोगीर, दुडकी हे शब्द अडले तरी वाचत राहा, ओघात कळतात. आणि दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एकदा जाऊनच ये. घोड्याचा गरम श्वास तळहातावर घे, मग तेच पुस्तक पुन्हा उघड.