गरोदरपणात इच्छाच होत नाही, डॉक्टरांनी समुपदेशकाकडे पाठवलंय. तिथे नेमकं काय करतात?

ताई, तुम्हाला पाचवा महिना लागलाय, जवळ येणं नकोसं वाटतं, नवरा बोलत काही नाही पण पाठ करून झोपतो, आणि त्यात डॉक्टरांनी समुपदेशकाचं नाव काढल्यावर 'मला काय वेड लागलंय का' असं झालं. मी प्रसूतिगृहाच्या ओपीडीत हेच काम करते. वेडाबिडाचा काही संबंध नाही.

सगळ्यात आधी सोबतच्या माणसांना बाहेर बसवतात. आपल्याकडे सासूबाई फाइल मांडीवर घेऊन शेजारीच बसतात, आणि त्यांच्यासमोर कुठली सून तोंड उघडणार? मग झोप, उलट्या, कोरडेपणा, दुखतं का, भीती कशाची, असं विचारलं जातं. कधी 19 प्रश्नांचा छापील कागद भरून घेतात. ती परीक्षा नव्हे, आवडलं नाही तर एखादं उत्तर कोरं सोडा.

आम्ही ज्या पद्धतीने जातो ती जॅक अ‍ॅनन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1976 मध्ये मांडली. आधी बोलायची मोकळीक, मग गरजेपुरती माहिती, मग त्या बाईपुरत्या सूचना, आणि इतकं करूनही भागलं नाही तरच दीर्घ उपचार. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींना शेवटची पायरी लागतच नाही.

माहितीत सगळ्यात मोठा वाटा एकाच भीतीचा असतो: बाळाला धक्का लागेल. बाळ गर्भजलात असतं, पिशवीचं तोंड मिटलेलं असतं आणि त्यात चिकट स्रावाचं बूच असतं. गरोदरपण सुरळीत असेल तर संबंधांनी बाळाला इजा होत नाही. नंतर पोट थोडा वेळ कडक झालं तरी ते आपोआप सैल पडतं. इच्छेचं म्हणाल तर सुरुवातीला मळमळ-थकव्याने आणि शेवटी अवघडलेपणाने ती कमी होते. मधल्या महिन्यांत काहींची वाढते, काहींची नाही.

नवऱ्याला दुसऱ्या भेटीला न्याच. मागे एक जण खुर्चीच्या कडेवर बसून, मान खाली घालून म्हणाले, "तिला त्रास नको म्हणून मीच लांब झोपतो." बायको बघतच राहिली. तिला वाटत होतं, पोट सुटलं म्हणून आपण आवडेनाशा झालो.

सूचना अगदी साध्या असतात: कुशीवर झोपून, पोटावर भार न देता, कोरडेपणा असेल तर वॉटर-बेस्ड जेल, आणि संबंध नकोच असतील तर नुसती जवळीक, पाय चेपून देणं, तेही चालतं. 'नको' म्हणायचा हक्क लग्नाने जात नाही. जबरदस्ती होत असेल तर समुपदेशकाला एकटीने सांगा. 181 ही महिला हेल्पलाइनही आहे.

वार (प्लासेंटा) खाली असेल, रक्त किंवा पाणी जात असेल, पिशवीला टाका घातला असेल किंवा अवेळी कळा येत असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय संबंध नकोत. डॉक्टर नुसतं 'जपून राहा' म्हणाले तर तेवढ्यावर उठू नका. संबंध चालतील की नाही आणि कधीपर्यंत, हे स्पष्ट विचारा. लाजून गप्प बसलेल्या जोडप्यांनी गरज नसताना महिनोन्‌महिने पथ्य पाळलेलं मी पाहिलंय.

आणि सातव्यात डोहाळजेवण होऊन माहेरी जाणार असाल, तर त्याआधीच दोघं समुपदेशकाकडे जाऊन या. नंतर नवऱ्याला गाठणं अवघड होतं.