ग्राफिक्स चिप तापवण्यापूर्वी
लॅपटॉपच्या पडद्यावर रेषा दिसल्या म्हणून चित्र तयार करणारी ग्राफिक्स चिप तापवायला लगेच हीट गन (गरम हवेचे यंत्र) हाती घेऊ नका; आधी बाहेरचा मॉनिटर जोडून पाहा, कारण तिथे चित्र स्वच्छ आले तर दोष बहुधा पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये असतो. सोलापुरात, विशेषतः यंत्रमागांच्या परिसरात, पंखा आणि हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) यांच्यामध्ये सुती तंतूंचा दाट थर साचतो आणि तो पंखा सोडवल्याशिवाय दिसतही नाही. बॅटरीची जोडणी काढून तो साफ करा आणि चिप आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदला. चिप बोर्डाला जोडणारे शिसेविरहित सोल्डर (डाख) सुमारे 217 अंश सेल्सिअसला वितळते खरे, परंतु बिघाड पुष्कळदा चिपच्या आतल्या सूक्ष्म जोडांत असल्यामुळे घरी तापवून मिळालेला दिलासा सहसा फार काळ टिकत नाही. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये बोर्ड तर मुळीच ठेवू नका. चिप बदलायचीच असेल, तर बीजीए यंत्र (सोल्डर वितळवून चिप काढणारे व बसवणारे यंत्र) असलेल्या कारागिराकडे जा आणि चिप नवी की दुसऱ्या बोर्डावरून काढलेली, हे आधी विचारा.