ठाण्याच्या जंगलात झाडं लावायला जायचंय, एका रविवारचा उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की ठाण्यात राहता, यंदा पावसाळ्यात येऊरला नाहीतर खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यात स्वयंसेवक म्हणून झाडं लावायला जायचं आहे, आणि एका रविवारच्या कामाने खरंच काही होतं का. होतं. पण जुलैतल्या रविवारपेक्षा मार्चमधल्या रविवारने जास्त होतं.

मी काही वर्षं येऊरच्या बाजूला आणि पारसिकच्या डोंगरावर या कामाला जाते. जुलैत माणसांची कमी नसते. वनमहोत्सवाचा आठवडा असतो, बस भरभरून लोक येतात. खड्डे वनमजुरांनी उन्हाळ्यातच खणून तापू दिलेले असतात, रोपं रोपवाटिकेतून आलेली असतात. आपल्या वाट्याला उरतं ते पिशवी फाडून रोप बसवणं. तेही नीट शिकून घ्या, कारण घाईत इथेच रोपं वाया जातात. पिशवी पूर्ण काढायची, नुसती खाली चीर द्यायची नाही, आणि ती परत पोत्यात टाकायची. मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही. रोप पिशवीत फार दिवस राहिलेलं असेल तर तळाशी मुळं चकलीसारखी गुंडाळलेली दिसतात; तेवढी कापून टाकायची, नाहीतर ती तशीच फिरत राहतात आणि झाड जमीन धरत नाही. खोड आणि मूळ जिथे मिळतात ती जागा जमिनीच्या पातळीला आली पाहिजे. माती पायाने दाबायची. उतारावर खालच्या अंगाला मातीचा अर्धगोल बांध घालायचा, म्हणजे वरून येणारं पाणी रोपापाशी थांबतं.

पाऊस ऑक्टोबरात संपतो, आणि रोपाचे हाल तिथून सुरू होतात. आपल्या डोंगरांची जमीन मुरमाड, पाणी धरत नाही. पावसात कमरेएवढं वाढलेलं गवत डिसेंबरात वाळतं, आणि मग विडीचं एक थोटूक अख्खा उतार जाळायला पुरतं. पारसिक आणि खारघरच्या डोंगरांवर उन्हाळ्यात वणवे लागलेले तुम्ही रस्त्यावरूनही पाहिले असतील. मोठा साग किंवा ऐन त्यातून तरतो, दोन वर्षांचं रोप तरत नाही. म्हणून हिवाळ्यात गवत कापून जाळरेषा काढणं, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा पट्टा ठेवणं, रोपाभोवतीचं गवत उपटून तेच आळ्यात आच्छादन म्हणून पसरणं, शक्य असेल तिथे पाणी वाहून नेणं, या कामाला माणसं हवी असतात. पाड्यावरच्या एक मावशी आमच्याबरोबर गवत कापायला असत. त्या एकदा म्हणाल्या, ‘पावसात येणारे फोटो काढून जातात, त्यांना सांगा होळीला या.’ मला ते मनापासून पटलं. आपल्या राज्यात २०१६ साली २ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडं लावण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. लावलेल्यांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो; तीन उन्हाळे काढून जगलेल्यांचा आकडा विचारायची सवय आपण लावून घ्यायला हवी.

काय लावतायत तेही विचारा. गुलमोहर मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं. भराभर वाढतात आणि गुरं फारशी तोंड लावत नाहीत म्हणून असली झाडं पूर्वी खूप लावली गेली. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे ऐन, हेद, कळंब, कुंभा, बेहडा, मोह, कुसुम, उंबर हीच मंडळी हवीत. पळस, पांगारा, काटेसावर उन्हाच्या तोंडाशी फुलतात, तेव्हा जंगलात दुसरं फारसं काही नसतं आणि पाखरांची त्यांच्यावर झुंबड उडते. उंबर तर वटवाघळांपासून उदमांजरापर्यंत सगळ्यांना पोसतो.

आणि मोकळी दिसणारी प्रत्येक जागा झाडासाठी रिकामी नसते. येऊरच्या उतारांवर कारवीची झुडपं आहेत, ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तिच्यात खड्डे खणणं हे जंगलाचं नुकसान आहे. त्यापेक्षा घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून येऊन माजलेली झुडपं मुळासकट उपटायचं काम मागा. घाम भरपूर गाळावा लागतो, पण तिथे खालची स्थानिक रोपं आपोआप डोकं वर काढतात.

खाडीचं गणित अगदी वेगळं आहे. ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आली. फ्लेमिंगो येतात ते उघड्या चिखलावर चरायला, भरती-ओहोटीच्या पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खायला. त्या चिखलावर कांदळवन, म्हणजे तिवरांसारखी खाऱ्या पाण्यातली झाडं, लावलं तर पाखरांचं ताट आपणच काढून घेतलं. तिवरांना पाण्याची ये-जा मिळाली तर त्यांचं बी स्वतःच वाहत जाऊन रुजतं. तिथे स्वयंसेवकाने करायचं काम म्हणजे मुळांत अडकलेलं प्लास्टिक काढणं. तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर येतात. ती कचऱ्याखाली दबली की झाड गुदमरतं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात आधी एक चक्कर मारा, खाडी कशी चालते ते समजेल.

एक मात्र पाळाच: रोपं घेऊन स्वतःहून आत शिरू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगी लागते, आणि येऊरला बिबटे आहेत. येऊर परिक्षेत्राच्या कार्यालयात जाऊन भेटा, खाडीसाठी वनविभागाच्या कांदळवन कक्षाशी बोला. नुसतं ‘झाडं लावायची आहेत’ म्हणू नका; जाळरेषेला येऊ, गवत काढायला येऊ, हिवाळ्यात महिन्यातून एक रविवार देऊ, असं सांगा. अंगभर कपडे, जाड तळव्याचे बूट, हातमोजे आणि पाणी बरोबर ठेवा. जुलैतही जरूर जा, फक्त तेव्हाच तुमच्या तुकडीचा उतार नेमका कुठला ते लिहून आणा, म्हणजे फेब्रुवारीत त्याच रोपांपाशी जाता येईल.