भर समुद्रात, किनारा हजार मैलांवर असताना शिडाच्या बोटीचं सुकाणू किंवा ऑटोपायलट बंद पडलं तर काय करतात?

आधी शीड कमी करायचं. बोट शांत झाली की डोकंही चालतं. सुकाणू फिरवणाऱ्या चाकाची तार तुटली असेल तर डेकवरचं झाकण उघडून सुकाणूच्या दांड्यावर आणीबाणीचा लोखंडी दांडा बसवतात आणि हाताने बोट वळवतात. ऐकायला सोपं आहे. आम्ही बेलापूरच्या खाडीत, सपाट पाण्यात सराव केला, तर झाकणच गंजून बसलेलं! ते उघडण्यातच अर्धा तास गेला. हे निघण्याआधीच बघा.

ऑटोपायलट गेलं तर पाळ्या लावून हाताने सुकाणू धरा. खरा शत्रू थकवा. खारं पाणी गोडं करणारं यंत्र बंद पडेल म्हणून टाकीतलं पाणी राखूनच ठेवायचं. बाकी जुगाड. २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने न थांबता करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत नौदलातले निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमींनी वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूयंत्राच्या दुरुस्तीला संडासाचं दार कापलं, आणि दुसरे आले.

जवळचं बंदर गाठण्यात कमीपणा नाही. २०१८ मध्ये सुकाणू बिघडल्यावर जगप्रदक्षिणेवर निघालेली नौदलाची शिडाची बोट तारिणी मॉरिशसला, पोर्ट लुईला थांबली आणि मगच गोव्याला परतली.