पडद्याची मांडणी आणि हीलरची नजर

प्रश्न : मी रात्री मित्रांसोबत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळतो आणि गटात हीलरची, म्हणजे साथीदारांना बरे करण्याची, जबाबदारी माझ्याकडे असते. साथीदारांचे हेल्थ बार (उरलेला जीव दाखवणाऱ्या पट्ट्या) पडद्याच्या डाव्या कडेला असल्यामुळे माझी नजर तिकडेच राहते आणि माझ्या पात्राच्या पायाखाली आग पेटली तरी मला ती दिसत नाही. मांडणी कशी बदलावी? शिवाय गेल्या महिन्यात लॅपटॉप फॉरमॅट करून घेतल्यावर अ‍ॅड-ऑनच्या (गेमला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या) सगळ्या सेटिंग गेल्या. ते पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तुमच्या अडचणीचे मूळ डोळ्याच्या रचनेत आहे. हात पूर्ण लांब करून अंगठा समोर धरा. त्याच्या नखाएवढ्याच भागात आपल्याला बारीक तपशील स्पष्ट दिसतो, बाकी सारे धूसर असते आणि तिथली फक्त हालचाल जाणवते. म्हणून डाव्या कडेचे बार वाचताना मधोमध उभे असलेले तुमचे पात्र नजरेतून निसटते. यात तुमच्या कौशल्याचा दोष नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण असे हीलर स्वतःला कमी लेखून भूमिकाच सोडून देतात.

हा गेम २००४ साली आला तेव्हापासून पडद्यावरचे बहुतेक भाग हलवायचे तर अ‍ॅड-ऑनचा आधार घ्यावा लागे. २०२२ मध्ये 'ड्रॅगनफ्लाइट' विस्ताराच्या वेळी ही सोय 'एडिट मोड' या नावाने गेममध्येच आली. एस्केप दाबून मेनूतून एडिट मोड उघडा, स्वतःची नवी मांडणी तयार करा आणि गटाचे बार पात्राच्या पायांच्या थोडे खाली, मध्यभागी आणा. मात्र पायांभोवतीची जमीन मोकळीच राहिली पाहिजे. बार इतके मोठे करू नका की ज्या आगीसाठी हा खटाटोप केला तीच त्यांच्याआड लपेल. स्वतःचा कास्ट बार (मंत्र पूर्ण व्हायला किती वेळ उरला ते दाखवणारी पट्टी) त्यांच्या लगत ठेवा. चॅट आणि मिनीमॅप (छोटा नकाशा) कोपऱ्यातच राहू द्यावेत, कारण लढाई चालू असताना ते वाचण्याची गरज क्वचितच पडते. एका दिवशी सगळे हलवू नये. बार हलवल्यावर आधी पाच जणांच्या एखाद्या सोप्या डंजनमध्ये (गटाने पार करायच्या मोहिमेत) खेळून पाहा, आणि ऐन लढाईत जी गोष्ट शोधावी लागली तेवढीच पुढच्या वेळी सरकवा.

आता सेटिंगविषयी. अ‍ॅड-ऑन 'इंटरफेस' फोल्डरमधील 'अ‍ॅडऑन्स'मध्ये असतात, पण तुम्ही त्यांत केलेले बदल 'डब्ल्यूटीएफ' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये साठवले जातात. नुसते अ‍ॅड-ऑन पुन्हा उतरवून घेतल्याने जुन्या सेटिंग परत येत नाहीत, त्या याचमुळे. फॉरमॅट करण्यापूर्वी गेम बंद करून हे दोन्ही फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यावेत. एडिट मोडमधील मांडणी मजकुराच्या एका लांबलचक ओळीच्या रूपात कॉपी करता येते. ती ओळ स्वतःलाच ईमेलने पाठवून ठेवा.

प्रश्न : 'फायनल फँटसी फोर्टीन'मध्ये मी कधी कीबोर्डवर, तर कधी कंट्रोलरवर खेळते. दर वेळी मांडणी बदलावी लागते का?
— एक वाचक, खारघर, नवी मुंबई

उत्तर : नाही. त्या गेममध्ये चार मांडण्या जतन करता येतात आणि 'एचयूडी लेआउट'च्या (पडद्यावरच्या मांडणीच्या) चॅट-आज्ञेने क्रमांक देऊन त्यांत अदलाबदल करता येते. ती आज्ञा मॅक्रोमध्ये (साठवलेल्या आज्ञांच्या यादीत) लिहून हॉटबारवर (पडद्यावरच्या बटणांच्या पट्टीवर) ठेवली की एका बटणात काम होईल. बाहेरची साधने वापरण्यास तेथे नियमाने मनाई आहे, त्यामुळे गेमच्या स्वतःच्या सोयींवरच थांबावे.