घरे आणि शेती, दोन्हींसाठी एकच सरकारी निधी

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात राहते. तिथे परवडणारी घरे बांधण्यासाठी आणि शेतजमिनी राखण्यासाठी सरकार एकाच निधीतून पैसे देते, असे ती सांगते. आपल्याकडे घरांना जागा दिली की मोकळी जमीन जाते आणि मोकळी जमीन राखली की घरे अडतात, असेच ऐकत आलो. तिथे हे कसे जमते?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्या मुलीने सांगितले ते खरे आहे. सुमारे साडेसहा लाख वस्तीच्या या डोंगराळ राज्याने १९८७ साली कायदा करून ‘व्हरमाँट हाउसिंग अँड कॉन्झर्वेशन बोर्ड’ स्थापन केले. त्या दशकात बाहेरचे धनिक सुट्टीतल्या घरांसाठी जमिनी घेऊ लागल्याने भाव चढले होते. दुग्धव्यवसाय तोट्यात गेलेल्या शेतकऱ्याला जमीन विकण्याचा मोह होत होता आणि त्याच भाववाढीमुळे गावातल्या नोकरदार कुटुंबाला घर परवडेनासे झाले होते. घरांसाठी झटणाऱ्या संस्था, जमीन राखू पाहणारे आणि शेतकरी यांनी दुखण्याचे मूळ एकच आहे हे ओळखले आणि ते एकत्रितपणे विधिमंडळाकडे गेले. तेव्हाच्या गव्हर्नर मॅडलिन क्यूनिन यांच्या कारकिर्दीत हा कायदा झाला.

निधीचा मुख्य स्रोत म्हणजे मालमत्ता हस्तांतर कर. तो आपल्या मुद्रांक शुल्काच्या जवळचा आहे आणि खरेदीदार भरतो. या कराच्या उत्पन्नाचा साधारण निम्मा हिस्सा मंडळाला मिळावा असे कायद्यात लिहिलेले आहे, मात्र अनेक वर्षी विधिमंडळाने त्यातला काही भाग इतरत्र वळवला आहे. मंडळ स्वतः काही बांधत नाही. ते ना-नफा संस्थांना आणि गावांना अनुदान देते, आणि त्याला केंद्राच्या निधीची जोड मिळवली जाते.

खरे मर्म पैशाने काय विकत घेतले जाते यात आहे. शेतजमिनीच्या बाबतीत सरकारी पैशातून जमीन घेतली जात नाही, तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क घेतला जातो. बाजारभाव आणि निव्वळ शेतीसाठीची किंमत यांतला फरक शेतकऱ्याला मिळतो, जमीन त्याच्याच नावावर राहते आणि तो ती विकूही शकतो; परंतु तिथे वसाहत उभारता येणार नाही ही अट दस्तात कायमची नोंदवली जाते. आपल्याकडच्या टीडीआरशी, म्हणजे हस्तांतरणीय विकासहक्काशी, याची गल्लत करू नये. टीडीआरमध्ये एका जागचा विकासहक्क दुसऱ्या जागी वापरला जातो आणि तिथे इमारत उंच होते. व्हरमाँटमध्ये तो हक्क कायमचा मिटतो.

घरांच्या बाबतीतही हेच तत्त्व आहे. बर्लिंग्टन शहरात बर्नी सँडर्स महापौर असताना, १९८४ साली, शहराने दोन लाख डॉलर देऊन एक भूमी-न्यास, म्हणजे जमीन लोकांसाठी धारण करून परवडणारी घरे पुरवणारी ना-नफा संस्था, उभा केला. आज तो ‘शँप्लेन हाउसिंग ट्रस्ट’ या नावाने ओळखला जातो. अनुदानामुळे कुटुंबाला घर स्वस्तात मिळते, मात्र विकताना वाढलेल्या किमतीचा सुमारे चौथा हिस्साच त्याला घेता येतो. समजा, घराची किंमत ८० हजार डॉलरने वाढली, तर विक्रेत्याला फेडलेल्या कर्जाचे मुद्दल आणि त्यावर आणखी २० हजार मिळतात आणि उरलेली वाढ घरातच राहते, म्हणून पुढच्या कुटुंबालाही ते बाजारभावापेक्षा स्वस्त मिळते. आपल्याकडे सवलतीत मिळालेले घर काही वर्षांनी खुल्या बाजारात विकले जाते आणि सरकारला नव्या कुटुंबासाठी पुन्हा पदरमोड करावी लागते, हे पाहता मला ही अट अत्यंत न्याय्य वाटते.

अर्थात, एवढ्याने व्हरमाँटचा घरांचा प्रश्न सुटलेला नाही. टंचाई आजही तीव्र आहे आणि म्हणूनच २०२४ मध्ये, वर्षभर राहण्याजोग्या पण मालक राहत नसलेल्या आणि दीर्घ मुदतीने भाड्यानेही न दिलेल्या घरांच्या खरेदीवर मालमत्ता हस्तांतर कर ३.४ टक्के करण्यात आला.

प्रश्न : अलिबागच्या आसपास शेतजमिनी बंगल्यांसाठी विकल्या जात आहेत. माझी जमीन कायम शेतीच राहावी अशी अट मला दस्तात घालता येईल का?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : सध्याच्या कायद्यात ते अवघड आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार दुसऱ्याच्या जमिनीवर काही करण्याचा किंवा तिथे काही रोखण्याचा हक्क, म्हणजे सुविधाधिकार, दुसऱ्या एखाद्या जमिनीच्या लाभासाठीच निर्माण होतो. शेजारी जमीन नसलेल्या संस्थेला आपल्या जमिनीवर तो धारण करता येत नाही. त्यासाठी वेगळा कायदाच लागेल. मोकळी जागा आणि घरे दोन्ही साधणारी वाटणी आपल्याकडे अगदीच झाली नाही असे नाही. मुंबईच्या गिरण्यांसाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागेला, तिसरा परवडणाऱ्या घरांना आणि उरलेला मालकाला असे ठरवले होते. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी बांधकामाखालची जमीन वगळून फक्त रिकाम्या जागेला लागू केली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली, त्यामुळे उद्याने आणि घरे या दोन्हींच्या वाट्याची जमीन फार आक्रसली. नियम अधिसूचनेने बदलता येतो. दस्तात नोंदलेली कायमची अट मात्र तशी बदलत नाही. आपल्यासारख्या शेतकऱ्यांनी ग्रामसभेत ठराव करून अशा कायद्याची मागणी आपल्या आमदारांकडे लेखी करावी, आणि मागणीपत्रात गावातल्या भाडेकरू व बेघर कुटुंबांनाही बरोबर घ्यावे.