आजोबांच्या कागदपत्रांत कोयना खोऱ्यातल्या जंगलाचा जुना टोपो नकाशा (डोंगर-दऱ्यांची उंची दाखवणारा) सापडला. शीट क्रमांक 47 जी/10, प्रमाण मैलाला एक इंच, उंची फुटांत. आज त्याचा काही उपयोग आहे का?

आहे, आणि मोठा आहे. तुम्ही दिलेला शीट क्रमांक 47 जी/10 म्हणजे वासोटा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचं खोरं. मैलाला एक इंच आणि उंची फुटांत, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाची मेट्रिकपूर्व शीट. आधी समासात छापलेलं सर्वेक्षणाचं वर्ष बघा. ते कोयना धरणाआधीचं असेल, तर आज शिवसागराखाली, म्हणजे धरणाच्या जलाशयाखाली, असलेलं खोरं तुमच्यासमोर आहे.

ट्रेकची वाट मात्र त्यावरून शोधू नका. नदीकाठच्या लाल तुटक पायवाटा पाण्यात गेल्या. आता वनखात्याची परवानगी घेऊन बामणोलीहून लाँचने जातात. हा भाग 1985 पासून अभयारण्य आहे आणि 2010 पासून व्याघ्र प्रकल्पात आहे. डोंगर तेवढे तसेच आहेत. वासोट्याच्या बाबुकड्यापाशी, कोकणाच्या अंगाला, तपकिरी कंटूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) एकमेकींना चिकटलेल्या दिसतील.

मी स्वतः सगळ्यांना एक गोष्ट करून बघायला सांगतो. कोयना धरण पूर्ण भरलं की पाण्याची पातळी 2,160 फुटांच्या जरा वर जाते. नकाशाच्या प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि 2,150 फुटांची कंटूर गिरवा. जलाशयाचा काठ जवळजवळ जसाच्या तसा उमटतो. मग त्या रेषेच्या आत काय काय येतं ते बघा: लाल ठिपके म्हणजे घरं, पिवळा रंग म्हणजे शेती. खोऱ्यातली सपाट, चांगली जमीन हीच होती. रेषेबाहेर उतारावर जिथे पिवळं दिसतं, तिथलं आजचं उपग्रहचित्र शेजारी ठेवा. गावं उठल्यावर जंगल कुठे परत आलं ते कळेल.

इथली माणसं ठाणे, रायगड, सोलापूर अशा लांबच्या जिल्ह्यांत वसवली गेली. त्यांच्यातलं कुणी वयस्कर भेटलं तर प्रत त्यांच्यासमोर पसरा. ओढे, शेतं, पाणवठे, देवाच्या जागा यांची बहुतेक नावं अशा शीटवर नसतात, ती या लोकांच्या तोंडी आहेत. त्यांच्याकडून ऐकून ती जागच्या जागी लिहून घ्या. हे काम लवकर करायला हवं, कारण धरण 1964 सालचं आहे. तेव्हाची जाणती माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत.

नकाशा लॅमिनेट करू नका, घडीवर चिकटपट्टी लावू नका. सपाट ठेवून चांगला स्कॅन करून घ्या आणि जे काही लिहायचं ते प्रतीवरच लिहा.